तीन पूर, तीन फॉरमॅट

आधी एक प्रश्न. मोबाईलवर छान सुरळीत चालणारा व्हिडिओ लॅपटॉपवर एडिटिंगला घेतला की अडखळायला का लागतो? उत्तर 'रॅम कमी आहे' असं दिलंत तर अर्धे मार्क. उरलेल्या अर्ध्या मार्कांसाठी हा लेख आहे.

यंदा गॅदरिंगसाठी आमचा सहा जणांचा ग्रुप कृष्णा नदीवर पंधरा मिनिटांची फिल्म करतोय. शूटिंगची सुरुवात संगम माहुलीपासून केली, म्हणजे साताऱ्याजवळ जिथं वेण्णा कृष्णेला मिळते तिथून. (मी सातारची. सुरुवात आमच्याकडूनच व्हावी हा हट्ट धरला आणि तो चालला!) मग कराडचा प्रीतिसंगम, औदुंबर, भिलवडी, सांगलीचा आयर्विन पूल आणि शेवटी हरिपूर, जिथं वारणा येऊन मिळते. आता सांगलीत नदीवर फिल्म करायची आणि पुराबद्दल बोलायचं नाही, हे शक्यच नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्याही वर, आणि २०२१ च्या जुलैत परत ५० पार. स्थानिक मुलांना हे आकडे तोंडपाठ असतात, आम्हाला हॉस्टेलवर आल्यावर कळले.

तर आमच्याकडे जमलेला माल असा. २००५ च्या पुराच्या मिनी डीव्ही टेप्स, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका काकांच्या कपाटातून मिळालेल्या. २०१९ च्या क्लिप्स, कुणाकुणाच्या व्हॉट्सॲपवरून गोळा केलेल्या. २०२१ च्या क्लिप्स, एका ज्युनिअरच्या दादाच्या आयफोनवरून. आणि आम्ही स्वतः डीएसएलआरवर केलेलं शूटिंग. या सगळ्याला एका टाइमलाइनवर बसवायचं म्हणजे चार गावची वऱ्हाडी मंडळी एका पंगतीला बसवण्यासारखं आहे. प्रत्येकाची खोड वेगळी.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करते. 'फाईल एमपी४ आहे, मग चालायलाच पाहिजे' असं आपण म्हणतो. पण एमपी४ हा नुसता डबा आहे. मेसचा स्टीलचा डबा बघून आत वांगं आहे की उसळ हे कळतं का? तसंच. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय हे डबे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय ती पद्धत म्हणजे कोडेक: एच.२६४, एच.२६५, डीव्ही, प्रोरेस वगैरे. एकाच एमपी४ मध्ये एच.२६४ असेल किंवा एच.२६५ असेल, बाहेरून दोन्ही सारखेच.

म्हणून 'कन्व्हर्ट करणं' या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं येतात. एक, भाजी तीच ठेवून डबा बदलणं. याला काही सेकंद लागतात आणि क्वालिटी अजिबात जात नाही. स्क्रीन रेकॉर्डिंगची एमकेव्ही फाईल सॉफ्टवेअर घेत नसेल तर बहुतेक वेळा एवढंच पुरतं. दुसरं काम म्हणजे भाजीच नव्याने करणं, म्हणजे चित्र उलगडून पुन्हा वेगळ्या कोडेकमध्ये भरणं. याला वेळ लागतो आणि जवळपास प्रत्येक वेळी थोडं काहीतरी जातं. आधी कळलं पाहिजे की आपल्याला यातलं कोणतं करायचंय. त्यासाठी 'मीडियाइन्फो' नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाईल त्यात टाकली की डबा कोणता, कोडेक कोणता, फ्रेम रेट किती, सगळी जन्मपत्रिका समोर येते. पत्रिका न बघता कन्व्हर्ट करायला बसू नका.

आता अडखळण्याचं खरं कारण. एच.२६४ (२००३) आणि त्याचा धाकटा भाऊ एच.२६५ (२०१३) हे साठवायला आणि पाठवायला सोयीचे कोडेक आहेत. ते जागा कशी वाचवतात? आपण जर्नल लिहितो तशीच! पहिला एक्सपेरिमेंट आपण एम, ॲपरेटस, प्रोसीजर, डायग्रॅम सगळं घालून पूर्ण लिहितो. पुढच्यात लिहितो, 'वरीलप्रमाणे, फक्त रीडिंग बदलले.' (सरांनी हा परिच्छेद वाचू नये.) कोडेकसुद्धा एक फ्रेम पूर्ण लिहितो, तिला आय-फ्रेम म्हणतात. पुढच्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितो, त्या पी-फ्रेम्स. आणि काही तर इतक्या आळशी असतात की मागचं आणि पुढचं अशी दोन्ही पानं बघून लिहिलेल्या असतात, त्या बी-फ्रेम्स. फोनच्या व्हिडिओत पूर्ण फ्रेम साधारण सेकंदाला एखादीच येते.

सरळ बघत गेलं तर यात काहीच अडचण नाही, कारण आपण पानं ओळीने उलटतोय. पण एडिटिंग म्हणजे मधेच उडी. तुम्ही पंचविसाव्या फ्रेमवर कट मारायला गेलात की सॉफ्टवेअरला मागे जाऊन आय-फ्रेम शोधावी लागते आणि तिथून मधले सगळे बदल जोडत जोडत पंचविसावी फ्रेम उभी करावी लागते. उलटं प्ले केलं तर आणखी हाल. त्यात तीन लेअर्स एकावर एक असतील तर बिचारा प्रोसेसर काय करणार!

उपाय सरळ आहे. एडिटिंगपुरतं सगळं जर्नल प्रत्येक पानावर पूर्ण लिहून काढायचं, म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असलेला कोडेक घ्यायचा. ॲपलचा प्रोरेस (२००७), ॲव्हिडचा डीएनएक्सएचडी आणि त्याचा मोठ्या रिझोल्यूशनसाठीचा भाऊ डीएनएक्सएचआर, आणि सिनेफॉर्म हे त्यातले नावाजलेले. फाईल फुगते, पण मशीनला डोकं कमी चालवावं लागतं.

किती फुगते ते बघा. फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम्स धरून प्रोरेस ४२२ ला सेकंदाला साधारण १२२ मेगाबिट लागतात. म्हणजे तासाला ५५ जीबी! डीएनएक्सएचडीचा १२० वाला प्रकारही तेवढाच. प्रोरेस एलटी घेतला तर तासाला ३८ जीबीच्या आसपास, आणि प्रोरेस प्रॉक्सी तासाला १७. आमचं फुटेज सहा तासांचं आहे. पहिल्या हिशेबाने ३३० जीबी. हॉस्टेलवर एवढी रिकामी हार्ड डिस्क कुणाकडे आहे? होती ती सगळी पिक्चरनी भरलेली होती आणि पिक्चर डिलीट करायला कोणी तयार नव्हतं.

म्हणून आम्ही प्रॉक्सीचा मार्ग घेतला. मूळ फाईल्स जागेवर ठेवायच्या, त्यांच्या हलक्या नकला करायच्या, सगळं कापणं-जोडणं नकलांवर करायचं, आणि शेवटी एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअरला सांगायचं की आता मूळ फाईल वापर. दा विंची रिझॉल्व्ह, प्रीमियर, केडेनलाइव्ह, शॉटकट सगळ्यात ही सोय आहे. शेवटचे दोन तर पूर्ण फुकट आहेत आणि रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीसुद्धा आपल्या कामाला भरपूर होते. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. तुमचा लॅपटॉप नवा असेल आणि त्याच्या ग्राफिक्स चिपमध्ये एच.२६५ उलगडायची सोय असेल, तर फोनचं फुटेज सरळ टाका आणि बघा. चालत असेल तर कन्व्हर्टच्या फंदात पडू नका. उगाच सगळंच कन्व्हर्ट करणारेही आपल्यात आहेत, त्यांचा पंखा रात्रभर कोकलतो आणि रूममेट झोपत नाही.

आता टेप्सकडे येते, कारण सगळ्यात जास्त धाकधूक तिथेच होती. २००५ चा पूर आला तेव्हा आमच्या ग्रुपमधलं कोणीच धड बोलत नव्हतं, काही जण तर जन्मलेही नव्हते. त्या टेप्समध्ये घाटावरची काही वयस्कर माणसं पुराबद्दल बोलतायत, आणि काका म्हणाले, "त्यातले निम्मे आता नाहीत गं." टेप ही जपून ठेवली तरी कायमची नसते. बुरशी धरते, चुंबकीय थर सुटतो, आणि ती वाजवणारे कॅमेरे तर कधीच बनायचे बंद झालेत. म्हणजे ही माणसं परत बोलायला हवी असतील तर हातात असलेली वेळ थोडीच आहे.

काकांनी यातली एक टेप पूर्वी एका दुकानातून डीव्हीडी करून आणली होती. ती बघितली. वर गुलाबाची फुलं, खाली तारीख, आणि पुराच्या पाण्यावर सनई! ते एक वेळ सोडून देऊ. खरी गोम अशी की डीव्हीडीत एमपीईजी-२ कोडेक असतो आणि त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट. टेपवर मात्र डीव्ही कोडेकने चित्रालाच सेकंदाला २५ मेगाबिट दिलेले असतात आणि प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिलेली असते. म्हणजे टेपवरचा माल मुळातच एडिटिंगला योग्य आहे. त्याला कन्व्हर्ट करायचं नसतं, फक्त उचलून आणायचं असतं!

उचलून आणायचं कसं? फायरवायर केबलने. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या केबलने आणलं तर कॅमेरा आधी डिजिटलचं ॲनालॉग करतो आणि कॉम्प्युटर परत ॲनालॉगचं डिजिटल, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. फायरवायरने टेपवरचे आकडे जसेच्या तसे येतात. नव्या लॅपटॉपला हे पोर्ट नसतं, पण लॅबमधल्या एका जुन्या डेस्कटॉपमध्ये कार्ड निघालं. एक तासाची टेप यायला बरोबर एक तास लागतो, घाई चालत नाही, आणि तासाला १३ जीबी जागा लागते. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीच्या वरची फाईल बसतच नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि याहून मोठा फायदा दुसराच. डीव्ही टेपवर चित्राबरोबर प्रत्येक फ्रेमची शूटिंगची तारीख आणि वेळसुद्धा लपून लिहिलेली असते. पडद्यावर दिसत नाही, पण फाईलमध्ये असते. 'पाणी या पायरीपर्यंत नेमकं कधी आलं?' यावर आमच्या ग्रुपमध्ये आणि गावात दोन्हीकडे वाद होते. काकांच्या कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं होतं (लग्नाचा मुहूर्त चुकवून चालत नाही, म्हणून!), त्यामुळे दिवस, तास, मिनिट सगळं हाती लागलं. हीच टेप डीव्हीडी किंवा एमपी४ करून ठेवली असती तर चित्र राहिलं असतं आणि वेळ पुसली गेली असती. म्हणून डीव्हीची फाईल मूळ रूपात जपून ठेवा. पाहण्यासाठी एमपी४ वेगळी करा.

टेपच्या दोन खोड्या सांभाळायच्या. एक म्हणजे इंटरलेसिंग. त्या काळच्या टीव्हीसाठी सेकंदाला २५ पूर्ण चित्रांऐवजी ५० अर्धी चित्रं घेत, एकदा विषम ओळी, एकदा सम. आजच्या स्क्रीनवर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ते यामुळेच. वाहतं पाणी तर अख्खं कंगवाच दिसतं. एडिटिंगच्या नकलेत ते डीइंटरलेस करून घ्यायचं, आणि करताना 'खालची ओळ आधी' हा पर्याय निवडायचा, कारण डीव्हीत क्रम तसा असतो. उलटा निवडलात तर नाव पुढे-मागे थरथरते. दुसरी खोडी पिक्सेलची. डीव्हीची फ्रेम ७२० बाय ५७६ असते, पण पिक्सेल चौकोनी नसतात. चौकोनी धरले तर सगळी माणसं वीतभर बारीक होतात. ७६८ बाय ५७६ करून घेतलं की माणसं पुन्हा जेवलेली दिसतात.

व्हॉट्सॲपच्या क्लिप्सबद्दल फार आशा ठेवू नका. २०१९ ला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ साधारण १६ एमबीत बसवला जायचा, त्यामुळे पाठवतानाच निम्मा जीव गेलेला. आमच्यातला एक जण म्हणाला, 'प्रोरेसमध्ये कन्व्हर्ट करू, क्वालिटी सुधारेल.' त्याला तासगावच्याच भाषेत उत्तर मिळालं: बेदाणा कितीही भिजवला तरी त्याची द्राक्षं होत नाहीत! फुगतो तेवढा. कन्व्हर्ट केल्याने कट मारणं सोपं होतं, गेलेलं चित्र परत येत नाही. मूळ फोन अजून कुणाकडे असेल तर फाईल तिथून केबलने घ्या, किंवा व्हॉट्सॲपवरच पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तशी पाठवली तर ती दाबली जात नाही.

आणि नावातल्या तारखेवर भरवसा ठेवू नका. अँड्रॉइडवर अशा फाईलच्या नावात तारीख येते, पण ती व्हॉट्सॲपवर आल्याची असते, शूटिंगची नाही. ७ ऑगस्टचा व्हिडिओ १० तारखेला फॉरवर्ड झाला तर नावात १० येणार. पुराच्या फिल्ममध्ये तीन दिवसांची गडबड म्हणजे पाणी चढतंय की उतरतंय तेच उलटं! आम्ही प्रत्येक क्लिपसाठी एक वहीच केली: कोणाकडून आली, कुठली, त्यांच्या मते कोणत्या दिवशीची.

फोनच्या फुटेजचा खरा त्रास वेगळाच आहे, व्हेरिएबल फ्रेम रेटचा. कॅमेरा सेकंदाला ठरलेल्या फ्रेम्स घेतो. फोन मनाला येईल तशा घेतो. उजेड कमी झाला, फोन तापला, की कमी. आता गणित करा. सॉफ्टवेअरने ३० धरले आणि फोनने सरासरी २९.७ च घेतल्या. दहा मिनिटांत १८,००० च्या जागी १७,८२० फ्रेम्स झाल्या. १८० फ्रेम्स कमी, म्हणजे सहा सेकंद. आवाज मात्र पूर्ण दहा मिनिटांचा. त्यामुळे सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात आणि शेवटी आजी गप्प बसलेल्या दिसतात आणि त्यांचा आवाज चालूच! हल्ली बरीच सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतात, पण सगळी नाही. मीडियाइन्फोमध्ये 'फ्रेम रेट मोड' पुढे 'व्हेरिएबल' दिसलं आणि मुलाखत लांब असली, तर आधी कॉन्स्टंट करून घ्या. ३० चं फुटेज असेल तर कॉन्स्टंट ३० च करा. २५ चा प्रोजेक्ट असला तरी ते पुढचं काम एडिटिंग सॉफ्टवेअरवर सोपवा, नाहीतर सहाव्या सहाव्या फ्रेमला कायमची कात्री लागते.

(२५ का? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, टीव्हीची पद्धत २५ फ्रेम्सची, जुन्या टेप्स २५ च्या. ट्यूबलाइटखाली शूट करताना शटर १/५० ठेवलं की पट्टे मारत नाहीत. नवीन शूटिंग करणाऱ्यांनी फोनच्या सेटिंगमध्येच २५ निवडावं, आणि एचडीआर बंद ठेवावं. आयफोनचं एचडीआर फुटेज साध्या टाइमलाइनवर टाकलं की आभाळ पांढरंफटक पडतं आणि मग रंग जुळवण्यात अख्खी पीएल जाते.)

हे सगळं करायला सॉफ्टवेअर कोणतं? मुळाशी बहुतेक ठिकाणी एकच आहे, एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० मध्ये सुरू केलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. कमांड टाइप करून चालवतात. कमांड इथे छापत नाही, कारण मराठी पानावर तिचा एखादा डॅश प्रूफमध्येच हरवेल आणि शिव्या मला बसतील. काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर 'शटर एन्कोडर' घ्या. आतून तेच आहे, वरून बटणं आहेत, आणि प्रोरेस, डीएनएक्सएचआर दोन्ही करतं. 'हँडब्रेक' पुष्कळ जण वापरतात आणि ते चांगलंच आहे, पण ते मुख्यतः एच.२६४, एच.२६५ असे पाहायचे फॉरमॅट काढण्यासाठी आहे. फ्रेम रेट कॉन्स्टंट करण्यापुरतं मात्र ते उत्तम. ऑनलाईन कन्व्हर्टर वेबसाइट्स टाळा. हॉस्टेलच्या वायफायवर दोन जीबी अपलोड करायला बसाल आणि मेसची वेळ संपेल.

आणि काहीही करण्याआधी मूळ फाईल्सची दुसऱ्या डिस्कवर एक कॉपी. कन्व्हर्ट झालेली फाईल सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणी आवाजासकट बघितल्याशिवाय मेमरी कार्ड कोऱ्या करू नका.

आमच्या सात टेप्स अजून उतरवायच्या राहिल्यात. लॅबचा तो डेस्कटॉप शनिवारी दुपारी मोकळा असतो. तुमच्या घरी, ओळखीत, सांगली-सातारा-कराडकडे कुठेही २००५ च्या पुराच्या टेप्स पडून असतील तर घेऊन या. मिनी डीव्ही असेल तर इथेच उतरवून, फाईल तुमच्या डिस्कवर आणि टेप तुमच्या हातात परत देऊ. टेप ओलसर वाटली, वास येत असेल किंवा पांढरी बुरशी दिसत असेल, तर घरच्या कॅमेऱ्यात घालून 'चालतेय का' ते बघू नका. तशीच पिशवीत घालून आणा.